दुधातून उतरत नाही

बुटीबोरी
९ सप्टेंबर २०२४

आत्या, तुले अन् बाबाले मोनालीचा जयभीम.

कागद पाहून घाबरू नको, आम्ही सगळे जिते आहो. फोन नाही केला कारण तुले ऐकू येत नाही. तू बी ओरडशीन, मी बी ओरडीन, अन् अख्खी खोल्यांची लाईन ऐकन. आमची एकच खोली. मोबाईल बी एकच, तो प्रशिकच्या खिशात कंपनीत जाते. म्हणून लिहून राहिली. सातवीनंतर पेन हातात नव्हता धरला, तं चुका काढू नको.

आत्या, मले भेव लागून राहिलं.

रितिका आता आठ महिन्याची झाली. ती व्हायच्या आधी माझी पाळी कशी होती तुले थोडं माहीत आहे. चार चार महिने यायची नाही, मग आली का थांबायची नाही. गोळ्या खाऊन खाऊन ही पोरगी झाली. मले वाटलं, लेकरू झालं म्हणजे सुटली मी. तं मागच्या महिन्यात एकदम अंगावरून जायले लागलं, थांबेचना. हनुवटीवर केस आले आत्या, माणसाले येते तसे. मान काळी पडली. सासूबाई म्हणते, "आंघोळीच्या वेळी मान घरी ठेवून जातं का वं?"

मग नागपूरले मोठ्या दवाखान्यात गेलो. मी, रितिका अन् सासूबाई. बाई डॉक्टर होती, बोलायले चांगली. सोनोग्राफी केली. म्हणे याले पीसीओएस म्हणतात. अंडाशयात दाणे दाणे दिसते, अंडं वेळेवर सुटत नाही, अन् पुरुषाच्या अंगात असते तो रस बाईच्या अंगात जास्त होते, म्हणून केस येते. मग तिनं विचारलं, "घरात अजून कोणाला आहे का? आईला होतं का? हे आईकडून लेकीत उतरू शकतं."

मी काही बोलायच्या आधी सासूबाईच बोलली, "हिची माय तं चार लेकराईची, तिले कायचं होते?" अन् मांडीवरच्या रितिकाकडं पाहून म्हणते, "म्हणजे आता हे बी गेली कामातून."

मले डॉक्टरले आणखी विचारायचं होतं. पण मागची बाई माझ्या पाठीत कोपर घालून राहिली होती, अन् रितिका रडून राहिली होती. गोळ्या घेतल्या अन् आलो.

आई असती तं तिलेच विचारलं असतं. आता तूच सांग. आईले असं काही होतं का? आपल्या घरात कोणाले होतं का? खरं सांगजो.

तुझी मोनू


नांदोरी, ता. सावनेर
१७ सप्टेंबर

मोनू माय, कागद भेटला. अक्षर चांगलं आहे, उगाच लाजते.

तुझ्या आईले असं काही नव्हतं. महिन्याच्या महिन्याले, चंद्र चुकन पण तुझी आई चुकत नव्हती. तिच्या माहेराकडं बी कोणाले नव्हतं. आपल्याकडं बी कोणालेच नाही. तू मनाले लावून घेऊ नको. डॉक्टरलोक दहा गोष्टी बोलते, त्याच्यातल्या आठ सोडून द्यायच्या.

कपाशीले बोंडं धरली. बाबा बरा आहे. साखर वाढली त्याची, तरी चोरून गूळ खाते. मी डबा वर ठेवतो तं म्हणते, माझ्याच घरात मले चोर केलं. म्हटलं, मग चोरी काहून करतं गा?

रितिकाची बोटं मोठी झाली असन. मेथीचे लाडू खाजो, दूध वाढते. मीही बरी आहो, कान सोडून.

आत्या


बुटीबोरी
२४ सप्टेंबर

आत्या,

तुझा कागद वाचला अन् मले सगळं समजलं. आईले नाही, मामाकडं नाही, आपल्याकडं नाही. म्हणजे हे माझ्यापासूनच सुरू झालं. माझ्याच अंगात पैदा झालं. तं मग माझ्यातच थांबलं पाहिजे. रितिकात नाही उतरू द्यायचं.

डॉक्टर म्हणाली होती न, आईकडून लेकीत उतरते. मी लय विचार केला. आईकडून लेकीत काय उतरते? दूधच उतरते. दुसरं काय उतरते? तिनं सरळ सांगितलं, मी वेळेवर समजली नाही एवढंच.

म्हणून मी दूध तोडलं आत्या.

कोणाले सांगितलं नाही. सासूबाईले म्हटलं, आटलं. ती म्हणते, "एवढा शिरा खाऊ घातला, एवढ्यात म्हैस दोन वेळ दुभली असती, तुलेच काहून आटलं?" छाती दगडासारखी झाली, ताप आला. न्हाणीत जाऊन पिळून टाकते अन् वरून पाणी सोडते, कोणाले दिसलं नाही पाहिजे म्हणून. वाहून जातं तं पाहवत नाही, डोळे मिटते.

पावडरचं दूध आणलं. रितिका बाटली तोंडात धरत नाही. प्रशिक पाजते तवा बापाच्या हातून थोडं घेते. माझ्याजवळ आली का वासानंच झेपावते, ब्लाऊज ओढते, म्हणून मी तिले घेतच नाही. सासूबाईच्या मांडीवरून माझ्याकडं हात करते अन् मी भिंतीकडं तोंड करून पोळ्या लाटते. आत्या, मी राक्षसीण आहो का? पण तिले मोठी झाल्यावर माझ्यासारखं नाही झालं पाहिजे. लग्न झाल्यावर लोक पोटाकडं पाहते अन् मग तोंडाकडं पाहते, ते मले माहीत आहे. तिले नको ते.

परवापासून तिले हगवण लागली. डोळे आत गेले. इथल्या डॉक्टरनं सलाईन लावलं. म्हणे बाटली उकळत नाही का? उकळते मी. दहा वेळा उकळते.

आत्या, मी बरोबर केलं न? तू तेवढं हो म्हण, म्हणजे माझं मन घट्ट होईन.

मोनाली


नांदोरी
३० सप्टेंबर

मोनू,

नाही. बरोबर नाही केलं. पहिले लेकराले छातीशी लाव, मग पुढं वाच.

कागद आताच आला. शेजारचा प्रेमानंद उद्या पहाटे तुमच्याकडंच कंपनीत कामाले निघते, त्याच्या हाती हा कागद देतो. आज त्याच्याच फोनवरून प्रशिकले एवढंच सांगायले लावलं, "आत्या म्हणते, मोनालीले म्हणा लेकराले दूध पाज, काहून ते उद्या कागदात येते." बाकीचं मी दुसऱ्याच्या तोंडानं बोलणार नव्हती. मी आजपर्यंत कोणाजवळच बोलली नाही.

मी तुले खोटं लिहिलं. आपल्याकडं कोणालेच नाही म्हटलं. आहे. मले आहे.

मी नहाण आल्यापासूनची तशीच. वर्षातून दोनदा यायची, कधी एकदाच. कन्हानले लग्न करून दिलं तवा सासू दर महिन्याले चेहरा पाहायची. दोन वर्षं पाहिलं, मग कोणा कोणाकडं नेलं, काय काय प्यायले दिलं. मग एक दिवस तुझा बाबा मले घ्यायले आला अन् माझ्या पेटीवर बसून राहिला, कारण माझा नवरा दुसरी पाहायले गेला होता. तवापासून गावात माझं नाव मीराबाई नाही, वांझ. तोंडावर कोणी बोलत नाही. पण कोणाची ओटी भरायची असली का मले आठवणीनं विहिरीवर पाठवते.

केस बी होते. तुझ्यासारखेच, हनुवटीवर. दार लावून दोऱ्यानं काढत आली. तू लहानपणी दाराच्या फटीतून पाहून विचारलं होतं, आत्या तू दोऱ्यानं काय शिवतं? मी म्हटलं, तोंड शिवतो, तू बी शीव.

मले हे रोग आहे ते माहीतच नव्हतं. तुझा पहिला कागद वाचला तवा पहिल्यांदा समजलं का याले नाव आहे. अन् तरी मी लपवलं. एवढ्या वर्षाची सवय.

आता डोकं लावून ऐक. तुझ्या आईले हे नव्हतं. तिचंच दूध पिऊन तू मोठी झाली. मग तिच्या दुधातून तुले आलं का? तिच्याजवळ नव्हतंच तं देईन कुठून? आता म्हणशीन, आत्याकडून आलं. पण मी तुले दूध पाजलं का? माझ्या छातीले आजपर्यंत कोणाचं तोंड लागलं नाही, मोनू. तरी तुले आलं. म्हणजे दुधाचा याच्याशी काही संबंध नाही.

मी डॉक्टर नाही. पण शेतात जन्म गेला. कपाशीवर लाल्या पडते, पानं लाल होते. एखादं वाण असते त्याच्यावर लवकर पडते. ते सरकीच्या दाण्यातच असते, पेरायच्या आधीपासून. पाणी विहिरीचं द्या का नाल्याचं, पाण्यानं वाण बदलत नाही. अन् त्याच वाणाच्या दोन ओळी लाल होते, दोन हिरव्या राहते. खत दिलं, लक्ष ठेवलं, तं लाल झालेल्या बी बोंडं देते. तुझं दूध म्हणजे पाणी आहे माय. झाड वाळून राहिलं अन् तू पाणी तोडलं.

हे माझ्यात अन् तुझ्यात आलं तं मधात कोण आहे? तुझा बाबा. बहीण भाऊ एकाच दाण्याचे. मले असं वाटते, बरोबर का चूक ते डॉक्टरले विचारू. मी येतो. पण तोपर्यंत थांबू नको.

दूध आटलं असन तरी लाव. ओढू दे तिले. गाय बी वासरू ओढते तवाच पान्हा सोडते.

कागद वाचून गॅसवर धर.

मीरा आत्या


बुटीबोरी
८ ऑक्टोबर

आत्या वं!

पिऊन राहिली! आता या घडीले पिऊन राहिली, मी डाव्या हातानं तिले धरून उजव्या हातानं लिहून राहिली, म्हणून ओळ वर चढली.

पहिल्यापासून सांगते. प्रेमानंदचा फोन आला तवा प्रशिक जेवत होता. मोबाईल स्पीकरवर. "आत्या म्हणते, मोनालीले म्हणा लेकराले दूध पाज." सासूबाई तिथंच बसली होती. तिच्या हातातली वाटी तशीच राहिली. म्हणते, "पाज म्हणजे? आटलं न तुझं?" मी खाली पाहिलं. झालं. एवढी मोठी बाई, पण अशी उठली का मले वाटलं मारते. "लेकराच्या तोंडचं काढलं तू? सलाईन लागलं पोरीले, अन् तू न्हाणीत ओतत होती? मी तुझ्यासाठी मेथ्या कुटून कुटून हात सुजवले!" मले वाटलं आता माझं घर उठलं.

मग मी सांगितलं काहून तोडलं ते. रडत रडत सगळं सांगितलं. उतरू नये म्हणून. सासूबाई ऐकतच राहिली. मग खाली बसली अन् कपाळाले हात लावला. म्हणते, "डॉक्टरनं उतरते म्हटलं तं तुले दूध दिसलं? अवं येडे, नाक उतरते, डोळे उतरते, माझ्या प्रशिकमंधी त्याच्या बापाचा राग उतरला, तो काय मी पाजला?"

प्रशिकले त्याही वेळी हसू आलं.

पण तेवढ्यानं माझं भेव गेलं नाही आत्या, खोटं कशाले बोलू. रात्रभर तिले जवळ घेतलं नाही. सकाळी तुझा कागद हातात पडला अन् जिथं तू लिहिलं, माझ्या छातीले कोणाचं तोंड लागलं नाही तरी तुले आलं, तिथं मी थांबली. तीच ओळ पुन्हा वाचली. मग मी पोरीले घेतलं.

ती पहिले पाहतच राहिली, भांडण झालेल्या माणसासारखी. मग तोंड लावलं. काहीच आलं नाही. रडली. पुन्हा लावलं. पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी थेंब. सासूबाईनं शेजारच्या श्वेताच्या डिलेवरीच्या वेळचं पाहून ठेवलं होतं, वाटीतलं दूध चमच्यानं माझ्या छातीवर सोडायची अन् रितिकाले खालून चाटायले लावायची. "ओढ माय, ओढ, तुझ्या आजीचं नाक कापू नको," म्हणत राहायची. चौथ्या दिवशी माझ्या पाठीतून सणक आली, ओळखीची. अन् रितिकानं घोट घेतला, आवाज आला घोटाचा. सासूबाईनं दारातूनच ओरडून अख्ख्या लाईनले सांगितलं, "आलं! आलं!" पलीकडच्या बायांले वाटलं नळ आला. त्या पाण्याचे गुंड घेऊन धावल्या.

हगवण थांबली. डोळे वर आले. काल माझं नाक चावलं तिनं.

तुझा कागद मी जाळला नाही. पेटीत ठेवला. कोणाले दाखवला बी नाही, सासूबाईले बी नाही. तुझं आहे ते, तू सांगशीन तं सांगशीन.

डॉक्टरची तारीख सोमवारी, १४ ची आहे. दसऱ्याले तू अन् बाबा दीक्षाभूमीवर येतच असता, तं दोन दिवस इथं राहा. मले एकटीले विचारता येत नाही आत्या. मागची बाई कोपर घालते. अन् दूध सुरू झालं तरी एक गोष्ट राहिलीच. तिच्यात हे आलंच असन का? आधीच आलं असन का? तुझ्या कपाशीसारखं? मले झोप लागते आता, पण मधातच जाग येते अन् मी तिची हनुवटी पाहते.

मोनू


नांदोरी
२२ ऑक्टोबर

मोनू,

घरी सुखरूप पोहोचलो. बाबा एसटीत झोपला अन् सावनेरच्या पुढं गेला असता, मी उठवलं.

दवाखान्यात रितिका रडली म्हणून तू तिले पाजायले खाली गेली होती. वर आली तवा सासूबाईचे डोळे लाल होते. तू मले खुणेनं विचारलं काय झालं, मी म्हटलं मग सांगतो. डॉक्टर काय म्हणाली ते थोडक्यात तुले तवाच सांगितलं, पुरं आता सांगतो.

डॉक्टरनं विचारलं, "आई नाही, तर हिच्या वडिलांकडे कोणाला असं होतं का?" तुझा बाबा खुर्चीवर ताठ झाला. म्हणते, "डॉक्टरीणबाई, बायांचं दुखणं बापाकडून कसं येईन? मी तं माणूस आहो." ती त्याच्या डोक्याकडं पाहून म्हणते, "केस कधी गेले काका?" बाबा म्हणते, "लग्नात फेटा होता म्हणून निभलं." "आणि शुगर?" "ते बी लवकरच. चाळिशीच्या आत." डॉक्टर हसली. म्हणे बायांमंधी जे पाळी बिघडवते, त्याच घरातल्या माणसांमंधी कधी कधी लवकर टक्कल अन् शुगर होऊन दिसते. दरवेळी नाही, पण दिसते. बाबाचं तोंड असं झालं जसं कोणी त्याचा गूळ पकडला.

मग मले विचारलं. मी पाहिलं, तिथं बाबा, तुझी सासू, आणखी एक शिकाऊ पोरगी. मले वाटलं नाही म्हणून टाकावं. मग मनात आलं, मी एकदा नाही म्हटलं त्याच्यानं लेकरू सलाईनवर गेलं. म्हटलं, "आहे. मले आहे."

आता तुले माहीत आहे माझे कान. डॉक्टर हळू बोलली, मले ऐकू आलं नाही. मग ती मोठ्यानं बोलली, "पाळी किती दिवसांनी यायची?" मले आपला आवाज किती मोठा ते समजत नाही. मी सांगितलं, "वर्षातून दोनदा!" बाहेरच्या बायांनी दारातून मुंड्या आत घातल्या. "केस?" "आहेत! दोऱ्यानं काढतो!" एका बाईनं बाहेरून म्हटलं, "मले बी आहे वं माय!" अन् सगळ्या हसल्या. मोनू, जे मी दार लावून लपवलं ते अख्ख्या दवाखान्यानं ऐकलं. अन् छत काही पडलं नाही.

तुझी सासू माझ्या हनुवटीकडं पाहत राहिली. मले वाटलं आता बोलन काही. ती म्हणते, "विहीणबाई, एवढी वर्षं दोऱ्यानं? डोळ्यात पाणी येत असन. मले सांगायचं न, माझ्याजवळ चांगला चिमटा आहे." मग पदर डोळ्याले लावला. म्हणून तिचे डोळे लाल होते.

मग मी तुझा सवाल विचारला, जसा तू लिहिला तसाच. दुधातून जाते का? डॉक्टर म्हणे बिलकुल नाही, दूध थांबवायचं काहीच कारण नव्हतं, पाजा. मग विचारलं, पोरीत आधीच आलं का? तिनं मले समजन असं सांगितलं, ओरडून. हे कोण्या एका गोष्टीनं येत नाही. बारीक बारीक पुष्कळ गोष्टी असते, थोड्या मायकडून, थोड्या बापाकडून, पोट राहते तवाच येते. त्या पोरीले मिळाल्या म्हणजे रोग मिळाला असं नाही, रोग लवकर धरायचा स्वभाव मिळाला. मायले असलं तं लेकीले व्हायची शक्यता दुसऱ्या पोरींपेक्षा जास्त असते, हे तिनं लपवलं नाही. पण होईनच असं कोणी सांगू शकत नाही. खाणं, चालणं, वजन, त्याच्यावर बी राहते. आज एवढ्या लेकराची काही तपासणी नाही. ती मोठी झाली, पाळी आली, अन् पुढं गडबड दिसली तं घेऊन यायचं. लवकर आणलं तं सोपं जाते.

मी म्हटलं, म्हणजे कपाशीसारखं. लवकर लाल्या धरणारं वाण, पण लाल्या पडलाच पाहिजे असं नाही. तिनं विचारलं लाल्या काय असते. मी सांगितलं. ती म्हणे, हो, तसंच समजा.

उठता उठता तिनं मले आणखी एक गोष्ट सांगितली. ती तुलेच सांगतो. ती म्हणाली, "मीराबाई, तुम्ही वांझ नव्हत्या. तुमच्या वेळी कोणी तपासलं नाही, औषध मिळालं नाही. मिळालं असतं तर कदाचित झालं असतं."

मले ऐकू आलं होतं. चांगलं ऐकू आलं. तरी मी कानाले हात लावला अन् म्हटलं, बाई, ऐकू नाही आलं, आणखी एकदा सांगा. तिनं आणखी एकदा सांगितलं, मोठ्यानं. बाहेरच्या बायांनीही ऐकलं. तुझ्या बाबानंही ऐकलं.

घरी आल्यावर तो गावातल्या पारावर गेला. तिथं रुपराव होता, ज्याच्या घरच्या कार्यक्रमात मले विहिरीवर पाठवते, अन् आणखी चार जण. तुझ्या बाबानं उभं राहून सांगितलं, "माझ्या बहिणीले रोग होता, तिच्यात खोट नव्हती. तोच रोग माझ्या रक्तात बी आहे, डॉक्टरनं सांगितलं. कोणाले काही बोलायचं असन तं मले बोला." मले हे प्रेमानंदच्या बायकोनं सांगितलं. तो स्वतः सांगते का? तो येऊन जेवायले बसला अन् म्हणते, भाजीत मीठ कमी आहे.

माझी बी साखर थोडी वाढलेली निघाली, तुले माहीत आहे. आता आम्ही बहीण भाऊ सकाळी नाल्यापर्यंत चालायले जातो. तो माझ्यापुढं चालते. मी म्हणतो, थांब गा, पुढं काहून पळतं, गूळ आहे का तिकडं?

आत्या


बुटीबोरी
१९ जानेवारी २०२५

आत्या, तुले अन् बाबाले जयभीम,

लय दिवस झाले लिहिलं नाही. वेळच भेटत नाही, रितिका भिंत धरून चालते अन् चपला खाते. एक वर्षाची झाली. दूध सुरूच आहे. तिले वरचे दोन दात आले, पाजता पाजता चावते अन् माझ्या तोंडाकडं पाहून हसते.

माझी पाळी आली, मागच्या महिन्यात अन् आता पुन्हा, सांगितल्यासारखी. मी आनंदानं ओरडली तं प्रशिक न्हाणीचं दार ठोकून राहिला, साप निघाला का म्हणून. संध्याकाळी सासूबाईनं तर्री पोहे केले. शेजारची म्हणे कायचे पोहे, तं सासूबाई म्हणते, "आमच्या सुनेचं पोट ताळ्यावर आलं." मी लाजून मेली. पण खाल्ले सगळ्यांनी.

हनुवटीचे केस आहेत, डॉक्टर म्हणे ते हळू जाते. मी अन् सासूबाई सकाळी कंपनीच्या रस्त्यानं चालायले जातो. ती चालता चालता सगळ्यांच्या घरच्या गोष्टी सांगते, म्हणून रस्ता समजत नाही. श्वेता बी येते. तिलेही तीन महिने पाळी नव्हती, कोणाले सांगत नव्हती. मी तिले म्हटलं, चाल दवाखान्यात, मी मागं उभी राहते, कोणी कोपर घातलं तं मी पाहून घेईन. तिची बी तपासणी झाली.

आता खरी गोष्ट. रितिकाच्या वाढदिवसाले प्रशिकची चुलत काकू आली होती. तिले दवाखान्याची बातमी कुठून तरी समजली होती. रितिकाले मांडीवर घेतलं, गाल ओढला, अन् सगळ्यांसमोर म्हणते, "गोड आहे वं पोरगी. पण मायचं दुखणं हिले होईन म्हणते न? मग लग्नाचं कसं करशीन?"

आत्या, चार महिने आधी हे कोणी बोललं असतं तं मी न्हाणीत जाऊन रडली असती. मी सासूबाईकडं पाहिलं. ती तोंड उघडून तयारच होती. मी म्हटलं, थांबा आई, मले बोलू द्या.

मी म्हटलं, "होईन बी अन् नाही बी. आतापासून कोणाले माहीत नाही, डॉक्टरले बी नाही. नाही झालं तं चांगलंच. अन् झालं तं ती तिच्या मीरा आजीसारखी दार लावून बसणार नाही. पहिल्या दिवशी मले येऊन सांगन, अन् दुसऱ्या दिवशी मी तिले घेऊन दवाखान्यात असन. लग्नाचं ती मोठी झाल्यावर तिले विचारा. आता तिले इकडं द्या, तिले भूक लागली."

अन् काकूच्या मांडीवरून पोरीले उचललं अन् तिथंच, सगळ्यांमधात, पदर घेऊन पाजायले बसली.

तुझी
मोनाली